भातखाचरातलं शेवाळ आणि पाकिटातलं खत

आज ज्या विषयावर बोलायचं आहे तो आमचा विषय नाही, हे सुरुवातीलाच कबूल करतो. आमचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. शेतीशी संबंध म्हणाल तर रत्नागिरी जिल्ह्यात आमची वडिलोपार्जित भातखाचरं आहेत आणि ती आमचा पुतण्या कसतो. आम्ही गणपतीला जातो, बांधावर उभं राहून दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगतो आणि परत येतो. त्या शहाणपणातूनच हा विषय आमच्या गळ्यात पडला.

झालं असं की, निवृत्तीनंतर जिवाणू खतांविषयी बरंच काही वाचनात आलं. हवेत ७८ टक्के नत्र आहे, तो फुकट आहे, काही सूक्ष्मजीव तो थेट हवेतून घेऊन जमिनीत घालतात, मग युरियाची पोती कशाला हवीत, असा एकंदर सूर. आम्हाला पटलं. पटलं म्हणजे काय, उत्साहच आला. पुतण्याला फोन करून सांगितलं, यंदा नदीकडच्या खाचराला युरियाचा एक दाणा घालायचा नाही, खत आम्ही पाठवतो. शहरातल्या एका दुकानातून निळ्या-हिरव्या शेवाळाची आणि अ‍ॅझोस्पिरिलमची पाकिटं घेतली आणि एसटीने पाठवून दिली. त्याने सांगितलं तसं केलं. ऑगस्टमध्ये त्याचा फोन आला, "काका, पाकिटातलं काय करतं ते देवाला ठाऊक, पण भात पिवळं पडलंय."

त्या खाचरात नेहमीच्या निम्म्याच्या आसपास भात आलं. तो आम्हाला एका शब्दाने बोलला नाही. पण पुढच्या वैशाखात त्याला दुकानातून तांदूळ विकत आणावा लागला, हे आम्हाला त्याच्या बायकोकडून कळलं. भात पिकवणाऱ्या घरात विकतचा तांदूळ येणं म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

तर त्यानंतर आम्ही पुन्हा पुस्तकं घेऊन बसलो. चूक शास्त्राची होती, पाकिटाची होती की आमची? त्या शोधात जो इतिहास हाती लागला, तो आज आपल्यापुढे ठेवतो.

सुरुवात कोकणातूनच करू. आपल्याकडे राब भाजायची पद्धत आहे. उन्हाळ्यात झाडाची कवळं तोडायची, शेण, पाला, गवत असं सगळं रोपाच्या जागेवर पसरायचं आणि पेटवून द्यायचं. त्या भाजलेल्या जमिनीत पावसाच्या तोंडाला भात पेरायचं, रोप तयार झालं की उपटून खाचरात लावायचं. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारच्या वनखात्याला हे बिलकूल मान्य नव्हतं. राबापायी जंगल तुटतं अशी त्यांची तक्रार, आणि कवळ तोडू दिलं नाही तर आम्ही भात कसं लावायचं अशी ठाणे-कुलाब्याच्या शेतकऱ्यांची तक्रार. हे प्रकरण इतकं पेटलं की १८८५ साली त्यासाठी एक आयोग नेमावा लागला. पुढे व्होल्कर नावाचे कृषिरसायनशास्त्रज्ञ विलायतेहून येऊन देशभर फिरले. त्यांचा १८९३ साली छापलेला अहवाल प्रसिद्ध आहे आणि त्यातही राबाचा विचार केलेला आहे.

यातली एक गोष्ट मात्र चटकन लक्षात येत नाही. राबाचं सगळं खत जातं ते रोपवाटिकेच्या लहानशा तुकड्याला. लावणी होते ते मोठं खाचर जवळपास उपाशीच असतं. शेणखत पुरेसं नाही, कडधान्याचा फेर घ्यावा तर पावसाळ्यात तिथे गुडघाभर पाणी. तरीही त्याच खाचरात पिढ्यान् पिढ्या भात येतच होतं. फार नाही, पण येत होतं. गहू किंवा ज्वारी बिनखताची सलग घेतली तर जमीन कशी थकते ते शेतकऱ्याला ठाऊक होतं. भात तसं थकत नव्हतं. मग खाचराला नत्र मिळतो कुठून? कोकणात जे दिसत होतं तेच बंगालमध्ये, ब्रह्मदेशात, सिलोनमध्ये दिसत होतं, आणि अर्थातच बाहेरून आलेल्या शास्त्रज्ञांना त्याचं कोडं पडलं.

याचं उत्तर दिलं ते एका बंगाली शास्त्रज्ञाने. पी. के. डे हे त्यांचं नाव. शालेय पुस्तकात तुम्हाला ते सापडणार नाही. बंगालच्या भातखाचरांतल्या मातीवर त्यांनी १९३०च्या दशकात काम केलं. लंडनमधले त्या काळचे मोठे शैवालतज्ज्ञ फ्रिट्श यांच्यासोबत १९३८ साली त्यांनी 'नेचर'मध्ये एक टिपण छापलं, आणि १९३९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात डे यांचा सविस्तर निबंध आला. त्याचं सार असं. पाण्याखालच्या भातजमिनीत नत्र खरोखर वाढतो. तोवर सगळ्यांचा संशय अ‍ॅझोटोबॅक्टर नावाच्या जिवाणूवर होता, पण खाचरात त्याचा वाटा नगण्य आहे. हे काम मुख्यत्वे करतं ते पाण्यावर आणि चिखलावर वाढणारं निळं-हिरवं शेवाळ.

ज्या शेवाळावरून पाय घसरला की आपण शिव्या देतो, ते! लावणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी खाचरात जी बुळबुळीत साय येते, तीत हे असतं. याला आपण शेवाळ म्हणतो खरं, पण हा वनस्पतीपेक्षा जिवाणूंचा भाऊबंद आहे. ऊन खाऊन जगतो आणि हवेतला नत्र बांधतो. ही दोन कामं एकत्र करणं सोपं नाही. नत्र बांधणारं जे विकर असतं ते प्राणवायू लागला की निकामी होतं, आणि उन्हात अन्न करताना तर प्राणवायूच बाहेर पडतो. म्हणजे स्वयंपाक करताना घरात धूर आणि त्याच घरात दमेकरी माणूस. यावर या शेवाळाने काढलेली युक्ती अशी की, माळेतल्या मण्यांसारख्या त्याच्या पेशींमध्ये मधूनच एक जाड भिंतीची पेशी असते. तिच्यात प्राणवायू तयार होत नाही, बाहेरचा सहसा शिरत नाही, आणि नत्राचं काम चालतं ते तिच्यात. हे तिचं काम असावं असं शास्त्रज्ञांनी मांडलं ते १९६८ साली, डे यांच्या निबंधानंतर जवळपास तीस वर्षांनी.

आता इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवू या. डे यांनी खाचरात काही घातलं नव्हतं. जे होतंच, ते काय करतं एवढंच त्यांनी दाखवलं.

घालण्याची कल्पना वेगळ्या दिशेने आली. १८८६ साली जर्मनीत हेलरीगेल आणि विलफार्थ यांनी दाखवलं की, कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र घेतात. १८८८ साली हॉलंडमध्ये बायेरिंक यांनी त्या गाठीतला जिवाणू वेगळा काढला. आणि १८९६ साली, म्हणजे अवघ्या आठ वर्षांत, नोब्बे आणि हिल्टनर या दोघांनी त्याचं पेटंट घेऊन 'नायट्रॅजिन' नावाने बाटल्या विकायलाही काढल्या. एका पिकाला एक बाटली, दुसऱ्या पिकाला दुसरी. पाठोपाठ धान्यपिकांसाठी 'अलिनाइट' नावाचा जिवाणू बाजारात आला. तो काही वर्षांत गायबही झाला, कारण शेतात त्याचा गुण दिसेना. जिवाणू प्रयोगशाळेत काम करतो, म्हणजे बाटलीत भरून कुठेही नेला तरी करेल, ही समजूत तेव्हापासूनची आहे. १२५ वर्षं उलटून गेली तरी आमच्यासारखा शिकलेला माणूस त्याच समजुतीने एसटीत पाकिटं ठेवतो!

कडधान्यांच्या बाबतीत ही समजूत पुष्कळ अंशी खरी ठरली, हेही सांगायला हवं. तिथे जिवाणू आणि झाड यांचा करारच असतो. झाड त्याला घर बांधून देतं, साखर पुरवतं. भाताने शेवाळाशी असा काही करार केलेला नाही. दोघं एका खाचरात राहतात, बस्स.

आपल्याकडे या विषयाचा पाया घातला तो बनारस हिंदू विश्वविद्यालयातल्या आर. एन. सिंह यांनी. उत्तर प्रदेशात ऊसर जमिनी आहेत, पांढरा क्षार वर आलेल्या, ज्यात गवतही धड उगवत नाही. सिंह यांनी पाहिलं की पावसाळ्यात या उजाड जमिनीवर निळ्या-हिरव्या शेवाळाचा जाड थर येतो आणि पाऊस संपला की वाळून पापुद्रे निघतात. त्यांनी मातीचे बांध घातले, पावसाचं पाणी आत कोंडून ठेवलं, शेवाळ वाढू दिलं, आणि वर्षामागून वर्षं हेच केलं. १९५० साली त्यांनी 'नेचर'मध्ये ते मांडलं. जमिनीचा सामू साडेनऊवरून साडेसातच्या आसपास उतरला आणि नत्र वाढला. ऊसर सुधारायला पुढे देशभर जिप्समच मुख्य ठरलं ही गोष्ट वेगळी; पण भारतीय शेतीच्या नत्राच्या हिशोबात शेवाळाचा वाटा किती, यावरचा त्यांचा १९६१चा ग्रंथ आजही या विषयातला मूळ ग्रंथ मानला जातो. आम्ही तो वाचला तेव्हा आमच्या मनात राहिलं ते बांधाचं काम. सिंह यांनी शेवाळासाठी आधी जागा केली होती.

त्याच सुमारास जपानात वातानाबे आणि त्यांचे सहकारी टॉलिपोथ्रिक्स जातीचं शेवाळ वाढवून भाताला देत होते. आणि मग दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत जी. एस. वेंकटरमण यांनी हे काम शेतकऱ्याच्या अंगणात आणलं. १९७२ साली त्यांचं 'शैवाल जैवखते आणि भातशेती' या अर्थाच्या नावाचं इंग्रजी पुस्तक आलं.

त्यांची पद्धत ऐकण्यासारखी आहे, कारण ती खरोखर सोपी आहे. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद असा पत्र्याचा हौद घ्यायचा, किंवा जमिनीत खड्डा करून प्लास्टिकचा कागद अंथरायचा. त्यात आठ-दहा किलो माती आणि २०० ग्रॅम सुपर फॉस्फेट घालून पाणी भरायचं. माती खाली बसली की वरून शेवाळाचं विरजण टाकायचं. विरजण हा आमचा शब्द, पण दुसरा चपखल शब्द सापडत नाही. उन्हात दोन-तीन आठवड्यांत जाड साय धरते. पाणी आटू द्यायचं, वाळलेले पापुद्रे गोळा करायचे. लावणीनंतर आठवडाभराने हेक्टरी १० किलो पापुद्रे खाचरातल्या पाण्यावर फेकायचे. म्हणणं असं होतं की, यातून हेक्टरी २५ ते ३० किलो नत्राची बचत होते.

दुसरीकडे ब्राझीलमध्ये जोहाना डोबेराइनर या बाईंनी गवतवर्गीय पिकांच्या मुळांशी राहणाऱ्या अ‍ॅझोस्पिरिलमकडे लक्ष वेधलं होतं. तोही नत्र बांधतो. पण पुढच्या अभ्यासातून असं दिसलं की, पिकाला त्याचा फायदा होतो तो नत्रापेक्षा मुळांच्या वाढीमुळे जास्त. म्हणजे आमच्या दुसऱ्या पाकिटाकडून आम्ही जी अपेक्षा धरली होती, ती मुळातच चुकीची होती. सरकारी पातळीवर १९८३ साली जैवखतांचा राष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला आणि २००६ साली जैवखतं खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली, म्हणजे पाकिटावर जिवाणूंची संख्या आणि शेवटची तारीख आली. आम्ही घेतलेल्या पाकिटांवरची तारीख आम्ही पाहिली नव्हती. पुतण्याने रिकामी पाकिटं जपून ठेवली होती, त्यावर पाहिली. दोन महिने उलटून गेले होते. शिवाय ती दुकानात उन्हाच्या बाजूला, पत्र्याच्या कपाटावर होती, एवढं आम्हाला आठवतं.

पण सगळा दोष पाकिटावर ढकलून आम्ही सुटत नाही, आणि इथेच या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं प्रकरण येतं.

फिलिपीन्समध्ये लॉस बान्योसला आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आहे. आपल्याकडे आयआर-८ आला तो तिथूनच. तिथे पिएर रोजर हे फ्रेंच शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं शेवाळावर काम करत होते. १९८० साली त्यांनी आणि श्रीलंकेच्या कुलसूर्य यांनी मिळून जगभरातल्या प्रयोगांचा आढावा घेतला. शेतातल्या प्रयोगांत शेवाळ टाकल्याने सरासरी १४ टक्के उत्पादन वाढल्याचं दिसत होतं. पण ही सरासरी. कुठे चांगला गुण, कुठे शून्य. आणि जिथे शून्य येतं तिथले निष्कर्ष सहसा छापलेच जात नाहीत. मग रोजर यांच्या गटाने अगदी साधा प्रश्न विचारला. आपण जे शेवाळ टाकतो, ते त्या खाचरात आधीपासून नसतं का?

भारत, मलेशिया, फिलिपीन्स आणि पोर्तुगाल या चार देशांतल्या शंभरावर भातजमिनींची माती त्यांनी तपासली. नत्र बांधणारं शेवाळ प्रत्येक नमुन्यात सापडलं. बहुतेक ठिकाणी तर हेक्टरी १० किलो पापुद्र्यांतून जेवढं पडतं त्यापेक्षा जास्त ते मातीत आधीच होतं. आणि बाहेरून टाकलेल्या जाती क्वचितच तिथे रुजत होत्या. भर धरत होतं ते घरचंच.

म्हणजे प्रश्न उलटा झाला. शेवाळ आहेच; मग ते वाढत का नाही? याची कारणंही त्यांनी शोधली. स्फुरद कमी पडतो. सामू आम्लाकडे झुकलेला असतो. भाताची सावली पडते. पाण्यात कवचवाले बारीक किडे आणि गोगलगाई असतात, त्या साय उगवते तशी फस्त करतात. आणि सर्वांत मोठं कारण, युरिया. पाण्यावर युरिया फेकला की पाण्यातच आयता नत्र मिळतो. आयतं मिळत असताना हवेतला नत्र बांधण्याचे कष्ट शेवाळाने का घ्यावेत? ते काम थांबतं आणि नत्र न बांधणाऱ्या साध्या हिरव्या शेवाळाचं फावतं. इतकंच नव्हे, ते शेवाळ भर दुपारी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्याने पाण्याचा सामू नऊ-दहापर्यंत चढतो, आणि युरियातला नत्र अमोनिया होऊन हवेत उडून जातो. शेतकरी पैसे देऊन जे फेकतो, त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा, फार तर ४० टक्के, भाताला लागतो.

आता आमचं खाचर डोळ्यांपुढे आणा. जांभ्या दगडाची आम्लधर्मी माती. स्फुरद नाहीच म्हणा. जुलैत ऊन दिसत नाही. आणि कोकणातला पाऊस! पाणी या बांधावरून त्या खाचरात, तिथून खालच्या खाचरात आणि शेवटी नदीत. आम्ही पाठवलेले पापुद्रे आमच्याच खाचरात राहिले असतील याची खात्री कुणी द्यावी? जे बनारसच्या क्षारट जमिनीत, कोंडलेल्या पाण्यात, भादव्याच्या उन्हात घडलं, ते इथे घडेल असं आम्ही कशावरून धरलं होतं? त्यातून वर्षानुवर्षं पूर्ण मात्रेच्या युरियावर वाढलेलं खाचर एका वर्षात उपाशी ठेवलं. सुधारित भाताला कोकणात हेक्टरी १०० किलो नत्राची शिफारस आहे. शेवाळाने अगदी उत्तम काम केलं असतं तरी त्यातला पाव हिस्सा भरून निघाला असता. पुस्तिकेत 'पाव' लिहिलं होतं. आम्ही 'सगळं' वाचलं.

इथे आमच्या मूळ धंद्यातलं एक उदाहरण दिल्याशिवाय राहवत नाही. बौद्ध आणि नैयायिक यांच्यात एक जुना वाद आहे. कणगीतलं बी आणि शेतातलं बी एकच का? बौद्ध म्हणतात, एकच असतं तर कणगीतही उगवलं असतं. ज्याच्यात उगवण्याचं सामर्थ्य आहे त्याने वाट कशाला पाहावी? म्हणजे शेतातलं बी त्या क्षणी वेगळंच असतं. उदयनाचार्यांनी 'आत्मतत्त्वविवेका'त याला उत्तर दिलं आहे. बी तेच, सामर्थ्यही तेच. पण माती, पाणी, ऊब ही सहकारी कारणं जुळून सामग्री पुरी झाली तरच अंकुर येतो. हा वाद आम्ही वर्गात तीसेक वर्षं शिकवला. मुलांना कंटाळा येऊ नये म्हणून हातात भाताचा दाणा धरून शिकवला. आणि त्यानंतर पाकिट विकत घेतलं ते एकट्या कारणाने कार्य होतं असं समजून. विद्यार्थी हे ऐकत असतील तर त्यांनी हसायला हरकत नाही.

सामग्री जुळवणं म्हणजे काय, याचा एक नमुना व्हिएतनाममध्ये मिळतो. अ‍ॅझोला नावाचं पाण्यावर तरंगणारं इवलंसं नेचं आहे. त्याच्या पानाच्या पोकळीतच नत्र बांधणारं शेवाळ राहतं. म्हणजे भाताला जो करार जमला नाही, तो याला जमला आहे. लाल नदीच्या मुखाकडच्या, पूर्वीच्या थाय बिन्ह प्रांतात ला व्हान नावाचं गाव आहे. अ‍ॅझोला खाचरात वाढवायची विद्या बा हेंग नावाच्या एका शेतकरी बाईने शोधली अशी तिथली दंतकथा, आणि तिचं देऊळही तिथे आहे. अ‍ॅझोला थंडीत जोमाने वाढतो, पण कडक उन्हाळ्यात मरतो. तो उन्हाळाभर जगवून ठेवणं, हीच खरी विद्या. ती अशा मोजक्या गावांकडे होती आणि दरवर्षी भाताच्या हंगामाआधी ती गावं बाकीच्यांना त्याचं बियाणं विकत. १९५०च्या दशकानंतर सरकारने ही विद्या सर्वदूर नेली आणि लाखो हेक्टरांवर अ‍ॅझोला पसरला. आपल्याकडे १९७०च्या दशकात कटकच्या भात संशोधन संस्थेत पी. के. सिंग यांनी त्यावर चांगलं काम केलं.

आणि मग १९८०च्या दशकानंतर व्हिएतनाम आणि चीन, दोन्हीकडे अ‍ॅझोला झपाट्याने मागे पडला. विद्या विसरली म्हणून नव्हे, युरिया स्वस्त झाला आणि माणसाचा हात महाग झाला म्हणून. आपल्याकडे आज अ‍ॅझोला दिसतो तो गुरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्याच्या हौदात.

तोच हिशोब आपल्याकडे मांडून पाहा. २५ किलो नत्र म्हणजे साधारण ५४ किलो युरिया. ४५ किलोंची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते. म्हणजे सगळं काही सुरळीत झालं, ऊन पडलं, गोगलगाईंनी दया दाखवली, तर एका हेक्टरला शेतकऱ्याची बचत सव्वातीनशे रुपयांच्या आत-बाहेर. लावणीच्या दिवसांत एका गड्याची मजुरी तेवढ्यावर भागत नाही. युरियाची खरी किंमत याच्या कित्येक पट आहे, ती सरकार भरतं. १९९२ साली स्फुरद आणि पालाश खतांच्या किमती मोकळ्या झाल्या, युरियाची मात्र बांधलेली राहिली. तेव्हापासून शेतकऱ्याचा हात आपोआप युरियाकडेच जातो. शेवाळाला गरज स्फुरदाची, आणि महाग झाला तो स्फुरद! शेतकरी अडाणी आहे म्हणून जैवखत वापरत नाही, असं आम्ही व्यासपीठावरून ऐकलं आहे, आणि खरं सांगायचं तर एकदा बोललोही आहोत. ते वाक्य आम्ही मागे घेतो.

मग करायचं काय? या प्रश्नाचं जे उत्तर आम्हाला सर्वांत पटलं, ते जैवखताच्या पुस्तकात मिळालंच नाही. ते मिळालं खतावर आयुष्य घालवलेल्या एका मराठी मृदाशास्त्रज्ञाच्या कामात. डॉ. नारायण सावंत अमेरिकेत आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्रात होते. भातात युरिया खोल पुरण्यावर त्यांचं संशोधन आहे. पुढे त्यांनी आपल्याकडे चारसूत्री भातशेती मांडली. रोपवाटिकेत तुसाची राख आणि खाचरात पेंढा. गिरिपुष्पाचा पाला चिखलणीच्या वेळी. ठरावीक अंतरावर लावणी. आणि चौथं सूत्र युरिया-डीएपीच्या गोळ्या. चार चुडांच्या चौकोनात मधोमध एक गोळी, अडीच-पावणेतीन ग्रॅमची, सात ते दहा सेंटिमीटर खोल चिखलात दाबायची. हंगामाला एकदाच.

यात जिवाणूचं नावही नाही. पण लॉस बान्योसच्या रोजर-कुलसूर्य यांनी १९८० सालीच दाखवून ठेवलं होतं की, युरिया खोल पुरला तर वरच्या पाण्यात नत्र फारसा येत नाही, आणि मग खाचरातलं घरचं शेवाळ आपलं काम करत राहतं. खाली भाताच्या मुळांना युरिया, वर पाण्यात शेवाळाला ऊन. गोळीतल्या डीएपीने भाताची स्फुरदाची गरज भागते. आणि युरिया चिखलात धरून राहतो, त्यामुळे कमी लागतो. रासायनिक खत कमी करायचं तर ते आधी योग्य जागी ठेवायला हवं, हे आम्हाला सुचलं नव्हतं. आम्ही ते एकदम बाहेर हाकलायला निघालो होतो.

पुतण्याला पुन्हा फोन करायला धीर होत नव्हता. शेवटी मागच्या गणपतीत विषय काढला. या वेळी सगळं खाचर नव्हे, तीन गुंठे. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "गोळ्या दाबायला कोण येणार, काका?" प्रश्न बरोबर होता. वाकून एकेक गोळी दाबायची म्हणजे लावणी करून आधीच मोडलेली पाठ पुन्हा मोडायची, आणि हे काम बहुतेक घरांत बायकांच्या वाट्याला येतं. मजुरी आम्ही देतो म्हटलं. त्याने मान हलवली. ते 'हो' होतं की 'बघू', ते कळलं नाही.

यंदा जुलैत त्याने फोटो पाठवले. तीन नव्हे, पाच गुंठ्यांना गोळ्या दाबल्या होत्या. बांधावर गिरिपुष्पाच्या काड्या खोचल्या होत्या, त्या आम्ही सांगितलेल्या नव्हत्या. एका फोटोत चुडांच्या मधे पाण्यावर पिवळट-हिरवी साय दिसते. खाली त्याने लिहिलं होतं, "हेच काय तुमचं शेवाळ? हे तर दरवर्षीच असतं." आम्ही लिहिलं, हो, हेच. भात कापणीला यायला अजून महिना आहे. वजन झालं की आकडे सांगू, कमी आले तरी सांगू.